एक कोट, तीन जवान

बर्फात उभा राहणारा माणूस अंगात काय घालतो, हा प्रश्न फुलसावंगीत चौसष्ट सालच्या जानेवारीपर्यंत कुणाला पडला नव्हता. पडायचं कारणही नव्हतं. आमच्याकडे लई थंडी पडली तर म्हातारे रुई भरलेली बंडी चढवतात, लेकरं शेकोटीला पाठ देऊन बसतात, आणि उन्हं गोठ्यावर आली की बंडी खुंटीला जाते. एवढाच आमचा हिवाळा.

मला तो प्रश्न पडला तो बालवाडीपायी.

गावात बालवाडी निघणार होती. पुसदच्या मुख्यसेविका विमलताई सव्वीस जानेवारीला शाळेतलं प्रदर्शन पाहायला येणार आणि बालवाडीची बाई कोण, हेही त्याच दिवशी ठरवून जाणार, असं सरपंच बाबारावांनी सांगितलं. अर्ज दोन होते. एक महागावच्या एका बाईंचा, एक माझा. मी नागपूरला इंटरपर्यंत शिकले होते, आणि माझे यजमान देवराव याच गावच्या शाळेत मास्तर. पण नुसत्या इंटरवर बालवाडी मिळत नाही, हे मला कळत होतं. आम्ही बौद्ध होऊन सात वर्षं झाली होती. सगळ्या आळ्यांतली लेकरं माझ्या हातचं दूध पितील का, हे बाबाराव तोंडानं कधी विचारत नव्हते. नुसते मधून मधून "पाहू" म्हणत.

मला मात्र ती बालवाडी हवीच होती, आणि खरं सांगायचं तर कोकिळेमुळे हवी होती. कोकिळा माझी मुलगी, तीन वर्षांना दोन महिने कमी. तिनं त्या हिवाळ्यापर्यंत खडूचा तुकडा, दोन चिंचोके आणि ह्यांच्या पेनाच्या टोपणाची कडी एवढं गिळून दाखवलं होतं. कडी परत मिळाली. ह्यांनी ती पुन्हा लावली नाही. घराच्या मागे विहीर आणि विहिरीला कठडा नाही. भाकरी थापताना माझा एक डोळा तव्यावर आणि एक दारावर, त्यामुळे आमच्या घरी भाकरी नेहमी एका बाजूनं करपलेली. एका लेकराला राखण्यात जीव जायचा तो जातोच, मग तीस लेकरं समोर बसवून तो कामी तरी लावावा, असं मला वाटे. आणि कोकिळा दिवसभर नजरेसमोर राहिली असती.

प्रदर्शनात मला विषय मिळाला 'हिमालयातला आपला जवान'. बाबारावांनीच दिला. चीनची लढाई होऊन सव्वा वर्ष झालं होतं आणि गावात अजून रोज तिच्यावर बोलणं व्हायचं. मी चिंध्यांच्या बाहुल्या बऱ्या करते, हे त्यांना कुणीतरी सांगितलेलं. बारा जवान करा, म्हणाले, एका रांगेत डोंगर चढणारे, आणि जरा भरल्या अंगाचे करा, आपला जवान वाळका दिसू नये.

ह्यांनी त्यात गणित घातलं. हे गणिताचेच मास्तर. एका फुटाला एक इंच धरायचा, म्हणजे जवान साडेपाच इंच, बंदूक पावणेचार इंच आणि कोटाचं बटण मोहरीच्या दाण्याएवढं. मोहरीला भोकं कुठं पाडायची ते गणितात नव्हतं. शेवटी दोऱ्याच्या गाठी मारून मी बटणं केली. आतला सांगाडा तारेचा, त्यावर चिंध्या, आणि बंदुका कपाशीच्या वाळक्या पऱ्हाटीच्या काड्यांच्या. तारेचं प्रत्येक टोक मी आत वळवून वरून दोरा गुंडाळला आणि संध्याकाळी दिवा लागायच्या आत सुया मोजून डबीत ठेवायला लागले. एके दिवशी सातांच्या सहाच भरल्या. कोकिळेला उलटीपालटी करून पाहिलं, तोंडात बोट घालून पाहिलं, ती मला चावली. सातवी सुई माझ्याच पदराला होती.

पण घालायचं काय? शाळेच्या कपाटात एक जुनं इंग्रजी पुस्तक होतं, त्यात लांब कोटातले गोरे शिपाई होते. हे म्हणाले, तो देश वेगळा, लढाई वेगळी, ती नक्कल चालणार नाही. वर्तमानपत्रातल्या फोटोत चेहरे तेवढे दिसत, गळ्याखाली सगळी काळी शाई. म्हणून मी बाबारावांच्या ओट्यावर जाऊन विचारलं. तिथं पाच-सहा जाणती माणसं बसली होती.

"थंडीत माणूस काय घालते? बंडी," बाबाराव म्हणाले. "लई थंडी असली तं? रुईची बंडी. मंग हिमालयात? जाड रुईची, लांब बाह्यांची. याच्यात इचारासारखं काय आहे?"

सगळ्यांनी माना डोलवल्या. इंटर झालेली मी, मीही डोलवली. नजर जाईल तिथवर कापूस पिकणाऱ्या गावात कापसाहून गरम काही असेल, हे डोक्यातच येत नाही. शिवाय रुई भरली की जवान आपोआप भरल्या अंगाचा दिसणार होता.

शिवायला मदत मिळाली सोनीबाईची. सोनीबाई नाल्यापलीकडच्या तांड्यावरची, बाजारच्या दिवशी गावात यायची. तिच्या फेटियावरचा टाका पाहून मी एकदा तिला थांबवलं होतं. फेटिया म्हणजे तांड्यातल्या बायांचा घेरदार घागरा. तिच्या हातचे टाके मुंग्यांच्या रांगेसारखे. तिनं आठ दिवसांत बारा कोट उतरवले. प्रत्येकात पातळ रुईचा थर आणि वरून आडव्या टाक्यांच्या अगदी सरळ रांगा. ह्यांनी पट्टी लावून पाहिलं, एक रांग हलली नव्हती. सोनीबाई म्हणाली, "मास्तर, पट्टी कोनाले लावता? मी का शाळेत गेलती?" आणि स्वतःच हसली.

तिचा मुलगा हिरासिंग फौजेत होता. लढाईत तो बेपत्ता झाल्याची तार आली. सहा महिने तिला कुणी काही सांगू शकलं नाही. मग गेल्या उन्हाळ्यात तो परत आला. चिन्यांच्या कैदेत होता. डाव्या पायाची दोन बोटं थंडीनं गेलेली, म्हणून फौजेतून सुटला आणि आता शेत पाहत होता. बोलत नसे. हसत तर नसेच. सोनीबाईनं मला पहिल्याच दिवशी बजावलं होतं, बाई, त्याले तिथलं काही इचारू नको. मी विचारलं नाही. गावातही कुणी विचारलं नाही. वीस कोसांत ज्या एका माणसानं बर्फ पाहिला होता, तो अर्ध्या कोसावर राहत होता, आणि आम्ही ओट्यावर बसून बंडीवरून हिमालय ठरवत होतो.

तेवीस तारखेला तो आमच्या दारात आला. बर्फासाठी सरकी काढलेला कापूस आणि डोंगरासाठी दगड त्याच्या बैलगाडीत होते. बाबारावांनी निक्षून सांगितलं होतं की बर्फात सरकी दिसली तर गावाची लाज जाईल. त्यामुळे सोनीबाई वाटेतसुद्धा गाडीत बसून कापूस निवडत आली होती. हिरासिंगनं गाठोडं ओसरीवर टाकलं. तिथं फळीवर बारा जवान रांगेत उभे होते, पहिल्याच्या हातात कागदी तिरंगा.

तो ओणवा होऊन पाहू लागला. मला वाटलं आता हा निघून जाईल, आणि सोनीबाई माझ्यावर रागावेल. त्यानं एक जवान उचलला, उलटा केला, कोटावरच्या टाक्यांवरून अंगठा फिरवला. आणि हसायला लागला. आधी नाकातल्या नाकात, मग खांद्यांनी, मग खांबाला धरून. दारात बसलेली सोनीबाई मांडीवरच्या कापसासकट उठून उभी राहिली. तिनं माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही मी त्याला काहीतरी पाजलं होतं.

"बाई," डोळे पुसत तो म्हणाला, "हे तं सारे चिनी होऊन गेले."

आम्हाला कळेना. मग त्यानं सांगितलं. रुई भरून आडवे टाके घातलेला कोट आपल्या फौजेत नसतोच. तो त्यांचा. रांगा अशाच, गळपट्टीही अशीच, फक्त रंग तेवढा वेगळा.

"तुम्हाला एवढं नक्की कसं माहीत?" ह्यांनी विचारलं. मास्तर माणूस, पुरावा मागणारच.

"सहा महिने हेच घातलं ना मी. कैदेत. त्यांनीच देलं." त्यानं हातातल्या जवानाचा कोट बोटानं दाबून पाहिला. "गरम होतं. खोटं कायले बोलू."

हे हातातला कंपास तसाच धरून पाटावर बसले. आमच्या ओसरीवर बारा चिनी तिरंगा घेऊन सव्वीस जानेवारीच्या तयारीत उभे होते.

मग मी विचारलं. सोनीबाईचं बजावणं मोडून विचारलं, कारण दुसरा रस्ता नव्हता. आपल्या लोकांच्या अंगावर काय होतं? तो सांगणार नाही असं वाटलं होतं, पण तो ओसरीवर बसला आणि एकेक जवान हातात घेऊन चुका काढू लागला. खाकी पोलिसांचं, आपलं हिरवट, पाण्यावरच्या शेवाळासारखं. पायात मी कातडी बूट केले होते, त्याच्या चौकीवर बऱ्याच जणांचे कापडी होते. डोक्याला कान झाकणारी लोकरीची टोपी. सुती सदरे दोन, एकावर एक, वर जर्सी, आणि अंगावर घोंगडं. बंदुकीचा पट्टा मी उजव्या खांद्याला लावला होता, तो म्हणाला हे ठीक आहे. तेवढं एक बरोबर निघालं.

"आणि कोट?" मी म्हटलं. "कोट नव्हताच?"

"होता ना. एक. तिघांत एक. पहारा बदलला का कोट बदले. जानाऱ्याच्या आंगचा गरम कोट येनाऱ्याच्या आंगावर. सगळ्यात बेस टाइम तोच राहे."

"आन बाकीचे दोघं?" सोनीबाईनं विचारलं. हे तिलाही नवीन होतं.

"एकमेकाले टेकून, याडी," तो आईला म्हणाला. "बैलं नाई का बसत."

सोनीबाईनं एक जवान मांडीवर घेतला, सुईच्या टोकानं पहिली रांग उचकटली आणि आपलाच टाका उसवायला लागली. मला विचारलंही नाही.

बाबारावांना दुसऱ्या दिवशी कळलं. ते आले तेव्हा सात कोट उसवून झाले होते. त्यांना रडू यायचं बाकी होतं. एवढे ठासून भरलेले जवान, ते म्हणाले, आणि तुम्ही त्यांना सोलून राह्यले. चीनहून कोण येऊन राह्यलं तपासाले? कमरेइतक्या कापसात उभे करा, निम्मा कोट तसाही झाकतो. मग त्यांनी मला बाजूला घेतलं आणि आवाज खाली आणला.

"कौसल्याबाई, तुमच्याच भल्याचं सांगतो. विमलताईनं पुसदच्या बायांकडून जवानांसाठी स्वेटरं विणवले. पेट्याच्या पेट्या पाठवल्या. तिच्यासमोर तुम्ही उघडा जवान मांडाल, तं बालवाडी गेली समजा."

ते गेल्यावर मी ह्यांच्याकडे पाहिलं. हे म्हणाले, अर्ज तुझा आहे. हा माणूस बटणाच्या मापासाठी माझ्याशी दोन दिवस भांडला होता, आणि आता एवढंच बोलून डोंगराला दगड लावायला बसला. मी उरलेल्या पाचांतला एक जवान उचलला. तसाच ठेवला असता तर कुणाला कळलं नसतं, हे खरंच होतं. पण आता मलाच तो आपला दिसेना. काल संध्याकाळपर्यंत ज्याच्या मिशा मी कौतुकानं काढल्या होत्या, तो मला मिशीवाला चिनी दिसायला लागला होता. मी कोकिळेला उगाच जवळ ओढलं, तिचं तोंड उघडून पाहिलं, आणि उरलेले पाच सोनीबाईच्या पुढ्यात ठेवले.

एक गोष्ट मात्र सोपी झाली होती. बारा जवान मांडायची गरजच उरली नव्हती. तीन पुरे होते, आणि कोट एकच शिवायचा होता.

दोन दिवस आमच्या घरात नुसती धांदल. ह्यांच्या निळ्या शाईत हळद कालवून कापड बुडवलं, तिसऱ्या खेपेला हिरासिंगला पसंत पडेल असं शेवाळ जमलं. कोकिळाही कोपरापर्यंत त्यात बुडाली. शाई विषारी असते का, हे इंटरला शिकवत नाहीत. तिला आधी ताक पाजलं, मग तूप चाटवलं, मग पुन्हा ताक. तिला काही झालं नाही, आठ दिवस हात हिरवा राहिला एवढंच. कोटासाठी जुन्या कांबळ्याचा तुकडा घेतला तर ह्यांनी पुन्हा पट्टी काढली. एका फुटाला एक इंच धरलं तर हा कोट तीन इंच जाड झाला, म्हणाले, त्यात जवान वाकणार कसा? सोनीबाईनं वस्तरा मागितला आणि कांबळ्याची लोकर भादरायला बसली. चांगला तासभर भादरली. कापड पातळ झालं, अंगण करडं झालं.

उभं कसं करायचं ते हिरासिंगनं ठरवलं. एका जवानाची एक बाही निघालेली, दुसऱ्याचा हात त्याच बाहीत शिरलेला, म्हणजे घटकाभर कोट दोघांच्याही अंगावर. तिसरा घोंगड्यात गुडघे पोटाशी घेऊन बसलेला. त्याची मान मी डोंगराकडे केली होती. हिरासिंगनं ती तारेतून हळूच वळवून कोटाकडे केली. "डोंगर कोन पाह्यते?" म्हणाला. उसवलेल्या बारांतला एक कोट त्यानं मागून घेतला आणि खिशात टाकला. कशाला ते आम्ही विचारलं नाही.

सव्वीस तारखेला झेंडा झाला, आणि विमलताई जीपमधून उतरल्या. खादीचं पातळ, चप्पल धुळीनं पांढरी, चष्मा दोरीनं गळ्यात. त्या हसत नव्हत्या आणि पटापट पुढेही जात नव्हत्या. ज्वारीच्या कणसापाशीसुद्धा थांबून जात विचारत होत्या. माझ्या टेबलापाशी आल्या, चष्मा लावला आणि खाली वाकल्या.

"हे काय चाललंय?"

"पहारा बदलतोय," मी म्हटलं.

"बाकी दोघांचे कोट कुठे आहेत?"

"कापड कमी पडलं, ताई," बाबाराव पुढे होऊन म्हणाले. "आमचं खेडं. होऊन जातील दोन दिवसांत."

मी म्हटलं, कापड कमी पडलं नाही. तिघांत एकच कोट होता. हे हिरासिंग, भिंतीपाशी उभे आहेत ते, तिथं होते. त्यांनी पाहून सांगितलं तसं केलं आहे.

विमलताई सरळ झाल्या आणि हिरासिंगकडे वळल्या. आसपासची माणसं जवळ सरकली. स्वेटरांची गोष्ट सगळ्यांनाच माहीत होती.

"आम्ही स्वेटर पाठवले होते," त्या म्हणाल्या. "तुम्हाला मिळाले का?"

"भेटला, ताई. फेब्रुवारीत कैदेत पार्सल आलं, त्यात भेटला. कोन्या बाईनं विणला देव जाने. मोरपंखी होता." हिरासिंग जरा अडखळला. मग खरं तेच बोलायचं ठरवलं असावं. "एक बाही दुसरीहून हातभर लांब होती. ती मी दोनी हातावर घेऊन झोपो."

आधी मागची पोरं हसली, मग मोठी माणसं. विमलताईही हसल्या, पहिल्यांदाच. म्हणाल्या, पुसदला आम्ही साठ बाया विणायला बसलो होतो, त्यांतल्या चाळिसांनी जन्मात सुई धरली नव्हती. माप घेत बसू नका, भराभर विणा, असं मीच ओरडत होते. म्हणजे ती बाही माझ्याच खात्यावर.

त्यांचा चेहरा खुलला होता. त्यांनी पुन्हा टेबलाकडे पाहिलं, घोंगड्यात बसलेल्या तिसऱ्या जवानाला बोटानं अलगद हात लावला.

"फार सुंदर केलंय. असं करा, या बसलेल्याला तो मोरपंखी स्वेटर घाला. लांब बाहीचा. मी हे पुसदच्या प्रदर्शनात नेते. ज्या बायांनी विणलं त्यांना पाहून किती बरं वाटेल."

"होऊन जाईन," बाबाराव लगेच म्हणाले. "आजच होऊन जाईन. लोकर आहे ना, कौसल्याबाई?"

लोकर होती. मोरपंखीसुद्धा होती, कोकिळेच्या टोपीतली उरलेली. तास-दीड तासाचं काम. बालवाडी माझ्यापासून तेवढ्याच अंतरावर उभी होती, आणि सगळे माझ्याकडे पाहत होते. हेही पाहत होते, पण ह्यांच्या चेहऱ्यावरून काही कळेना.

"ताई, ह्याला स्वेटर घालता येणार नाही," मी म्हटलं.

"का बरं?"

"हा नोव्हेंबर आहे. स्वेटर फेब्रुवारीत आला."

विमलताईंनी माझ्याकडे पाहिलं, मग हिरासिंगकडे. त्यानं मान हलवली, फेब्रुवारीच. त्यांनी पर्समधून छोटी वही काढली, काहीतरी लिहिलं आणि पुढच्या टेबलावरच्या वांग्यांकडे गेल्या. बाबाराव माझ्यावरून नजर फिरवून त्यांच्या मागे गेले. ह्यांनी सरळच असलेला नकाशा पुन्हा सरळ केला. मी कोकिळेला उचललं. तिच्या तोंडात काहीतरी होतं. मी बोट घालून काढलं, पेरूची बी होती. तेवढ्यावरून मला रडू आलं.

तासाभरानं मला मुख्याध्यापकांच्या खोलीत बोलावलं. विमलताई खुर्चीत, बाबाराव बाकावर. मी दारातच उभी राहिले, कोकिळा कडेवर.

"मागच्या महिन्यात मी तीन बालवाड्या पाहिल्या," विमलताई म्हणाल्या. "हजेरीपटावर चाळीस, सतरंजीवर नऊ. विचारलं तर म्हणतात, येतील, वाटेत आहेत. जे आलं नाही ते आलंय म्हणून लिहिणार नाही, अशी बाई मी वर्षभर शोधतेय. तुम्ही तर माझ्या तोंडावर माझा स्वेटर परत केलात." त्यांनी वही मिटली. "पंधरा फेब्रुवारीपासून सुरू करा. चहा कुठं मिळेल? तुमच्याच घरी घेऊ. बाबाराव, तुम्हीही चला."

बाबाराव उठले. वाटभर ते जरा मागेच होते. आमच्या ओसरीवर, करड्या लोकरीच्या कचऱ्यात, पाट टाकून मी दोघांना बसवलं आणि चहा दिला. विमलताईंनी दोन घोटांत संपवला. बाबारावांनी बशीत ओतला, बशीकडे पाहिलं, रस्त्याकडे पाहिलं, फुंकर मारली आणि प्याले. मग मिशा पुसून म्हणाले, साखर कमी आहे. मी आणखी दिली. दुसरी बशी त्यांनी लवकर संपवली.

तीन जवान पुसदला गेले, एका कोटासकट, जसे होते तसेच. निघताना हिरासिंगनं खोक्यात कापूस नीट ठासला. सोनीबाईनं त्यातून तीन सरक्या वेचून काढल्या आणि त्याला चांगलंच बोलली. तो हसत ऐकत राहिला.

पंधरा फेब्रुवारीला सतरंजीवर अकरा लेकरं आली. चार तांड्यावरची, सहा गावातली निरनिराळ्या आळ्यांतली, आणि अकरावा बाबारावांचा नातू, ज्याला त्यांनी स्वतः हाताला धरून आणलं. दारात उभं राहून ते म्हणाले, पहिला दिवस आहे, पंचवीस तरी मांडा, शोभा दिसते. मी अकरा मांडले. कोकिळेला तीन पूर्ण व्हायला अजून महिना होता. नियमात बसत नव्हती, म्हणून तिचं नाव घातलं नाही. तिला ते मुळीच मान्य नव्हतं. मी कुणाचंही नाव घेतलं की ते लेकरू तोंड उघडायच्या आत ती उभी राहून "हजर" म्हणायची. अकराच्या अकरा वेळा म्हणाली. आणि अकराच्या अकरा वेळा मला पटावरून मान वर करून, ज्याचं नाव घेतलं तो खरंच बसलेला आहे का, ते पाहावं लागलं.